शास्त्रीबुवांचं ‘नाही’

दुर्गाघाटाच्या गल्लीत विश्वेश्वरशास्त्री टोकेकरांबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधून सापडला नसता, आणि चुकून सापडलाच असता, तर शास्त्रीबुवांनीच त्याला मूर्ख ठरवून हाकलून दिलं असतं. माणूस विद्वान, त्याबद्दल वाद नाही. पण काहींना विद्या पचते, यांना ती बाधली होती. दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हणून सांगितलं की हे दारात उभं राहून विचारणार, कशावरून? तो बिचारा म्हणायचा, हम कह रहे हैं ना, पंडितजी. झालं! भरवशाच्या माणसाचा शब्द कशाला म्हणतात आणि दूधवाल्याचा शब्द तसा का नव्हे, यावर व्याख्यान सुरू. शेवटी त्यांची बायको इंदूकाकू पातेलं पुढे करायची, नवऱ्याला कोपराने बाजूला सारायची, आणि दूध घरात यायचं. काकू मध्ये पडली नसती तर त्या घराला बिनदुधाचा चहाच प्यावा लागला असता.

न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं जुनं शास्त्र, हा त्यांचा विषय. हयातभर पाठशाळेत तेच शिकवलं. जग खरं आहे, हे त्यांचं पहिलं म्हणणं. काशीत एवढं म्हणायलाही छाती लागते, कारण इथे लोक ‘सब माया है’ म्हणत रांग मोडून पुढे घुसतात आणि तेवढं घुसणं मात्र खरं धरतात. असा मायावाला भेटला की शास्त्रीबुवा गल्लीतल्या भिंतीकडे बोट करायचे. डोकं आपट म्हणायचे, मग बोल. ही भिंत तू बघितलीस म्हणून उभी राहिलेली नाही, तुझ्या आजोबांच्या आधी होती, तू मेल्यावरही राहील.

इथवर ठीक. पण त्यांचा जीव अडकलेला होता तो दुसऱ्या म्हणण्यात. जे जे आहे ते ते कळण्याजोगं आहे, असं ते म्हणायचे. तुला नाही कळलं, मला नाही कळलं, तर ईश्वराला कळलेलं असतं. पण आहे, आणि कुणालाच कळू शकत नाही, अशी वस्तू या जगात नाही. सगळं जग कसं लखलखीत उजेडात मांडून ठेवलेलं आहे, आपलेच डोळे अधू. हे सांगताना त्या खाष्ट तोंडावर क्षणभर असं काही यायचं की समोरच्या मुलाला वाटावं, हा माणूस वाईट नसेल. पुढच्याच क्षणी त्या मुलाला शिवी बसायची.

पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर घरी कोणी शिकायला येईना. मुलांना बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या, आणि ज्यांना नव्हत्या त्यांनाही यांच्याकडून अपमान करून घ्यायचा नव्हता. शास्त्रीबुवांकडे उरलं एकच, ते म्हणजे सभेतलं आसन.

भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, अमृतराव घाटावर मराठी घराण्यांची शास्त्रार्थाची सभा भरायची. फार मोठी नव्हे. चार जुनी घराणी, थोडे पाठशाळेतले, थोडे प्रसादासाठी आलेले. गणपतीसमोर खांबाला लागून एक जागा असे. तिथे बसणाऱ्याने आपला सिद्धान्त सांगायचा आणि येईल त्याने तो खोडायचा. खोडला गेला तर उठायचं, नाही गेला तर आपलं लोकरीचं आसन गुंडाळून घरी न्यायचं आणि पुढच्या वर्षी परत तिथेच पसरायचं. शास्त्रीबुवांचं ते तांबडं आसन वर्षानुवर्षं असं जात-येत होतं. वर्षभर ते त्यांच्या कपाटात वरच्या खणात असे. इंदूकाकूला ते उन्हात घालायचीही परवानगी नव्हती.

सभेचा एक नियम मात्र काटेकोर. खोडायला आलेल्याने आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि ते ऐकून आसनावरच्याने म्हणायचं, ‘हो, हेच माझं म्हणणं.’ हे ‘हो’ मिळाल्याशिवाय आक्षेप घ्यायचा नाही. दुसऱ्याच्या तोंडी भलतंच घालून मग ते झोडपायचं, हा धंदा तिथे चालत नसे. आसनावरचा ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा मांडा. पुन्हा ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा. तिसऱ्यांदाही ‘नाही’ आलं की उठा आणि प्रसाद घेऊन घरी जा. नियम सुंदरच होता. फक्त तो घालून देणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे आसनावरचा माणूस खरं बोलेल.

आता रुचाबद्दल सांगायला हवं. रुचा ही शास्त्रीबुवांच्या धाकट्या भावाची, प्रल्हादची मुलगी. प्रल्हाद रेल्वेत होता, साधा माणूस. दोघा भावांत बोलणं नव्हतं. कशावरून बिनसलं ते दोघांनाही धड आठवत नव्हतं, पण म्हणून काय कुणी भांडण सोडून देतं? मुलीला मात्र प्रल्हादने काकाकडे शिकायला पाठवलं, आणि काकाने तिला शिकवलं. असं शिकवलं की पाठशाळेतल्या पोरांना हेवा वाटावा. फ्रॉकमधली पोर पुढ्यात मांडी घालून बसायची, काकाच्या सुरात, काकाच्याच हेलात सिद्धान्त म्हणायची, आणि काकू स्वयंपाकघरातून हसून म्हणायची, हा दुसरा विश्वेश्वर कुठून आला घरात!

मग प्रल्हाद आजारी पडला. शेवटच्या दिवशी काकूने नवऱ्याला अक्षरशः ओढत नेलं. शास्त्रीबुवा भावाच्या पायथ्याशी उभे राहिले, उशाशी रुचा बसली होती. प्रल्हादने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, काहीतरी म्हणायला गेला. आवाज फुटला नाही. तासाभरात तो गेला.

त्यावर काका-पुतणीपैकी कोणीही कधी बोललं नाही. पुढे रुचा विद्यापीठात गेली, इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकली, आणि विषय घेतला तोही काकाचाच, जग खरं आहे की नाही. हल्लीच्या साहेबांच्या पुस्तकांतही हाच खल चालतो, हे ऐकून शास्त्रीबुवांना आधी बरंच वाटलं होतं. उशिरा का होईना, शहाणे झाले म्हणाले. प्रबंध पुरा झाला तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि त्यातला थोडा भाग मराठी करून काकांना वाचून दाखवू लागली. जग खरं आहे, हे तिनेही मानलं होतं. पण पुढे लिहिलं होतं की खऱ्या गोष्टीने कुणाला तरी कळलंच पाहिजे असं बंधन नाही. आहे ते आहे. कळणं ही आपली गरज, जगाची नव्हे. आमचे नैयायिक जग खरं म्हणाले खरे, पण अंधाराला भ्याले, आणि प्रत्येक कोपऱ्यात ईश्वराच्या हातात दिवा देऊन बसले. आणि दाखला कशाचा? तर तिचे वडील जाताना काहीतरी म्हणू पाहत होते. ते काय होतं, याला एक नक्की उत्तर आहे. ते कुणालाही, कधीही कळणार नाही. म्हणून ते कमी खरं होत नाही.

शास्त्रीबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाला दाखल्यात बसवतेस, म्हणून ते ओरडले. पण संताप खरा त्याचा नव्हता. प्रल्हाद गेल्यापासून हा माणूस रोज झोपायच्या आधी एकच गोष्ट मनात घोळवत असे. त्याचे ओठ हलले ते चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे मला माहीत नाही, पण ईश्वराला माहीत आहे, म्हणजे ते हरवलेलं नाही, कुठेतरी नीट ठेवलेलं आहे. तेवढ्यावर त्यांना झोप लागायची. आणि ही कालची पोर पेढे घेऊन येते आणि सांगते की काका, कुठेच ठेवलेलं नाही! त्यांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हातात परत दिला आणि दार उघडं करून धरलं. तीही काकाचीच चेली, वाकली नाही. पुढच्या महिन्यात तिने दुर्गाघाट सोडला आणि नदीपलीकडे रामनगरला खोली घेतली. काकू चोरून फोन करायची, शास्त्रीबुवा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मग ताटातल्या भाजीवर राग काढायचे.

त्यानंतरच्या भाद्रपदात रुचा सभेत येऊन उभी राहिली. खोडायला.

बायकांनी यावं की नाही यावर थोडी कुजबूज झाली. पण सभेचे प्रमुख वेणीमाधवपंत यांना शास्त्रीबुवांचं आसन हललेलं बघायची वर्षानुवर्षांची हौस, तेव्हा त्यांनी ती कुजबूज चटकन मिटवली. रुचाने काकाचा सिद्धान्त मांडला. एक वाक्य, जे जे आहे ते ते कळण्याजोगं आहे. काकाने तिला लहानपणी शिकवलेलं, त्याच शब्दांत, त्याच हेलात. त्याहून अचूक मांडणी शास्त्रीबुवांना स्वतःलाही करता आली नसती. पुढची चालही त्यांना दिसली, ‘हो’ म्हटलं की ही काय आणणार. ती प्रल्हादला आणणार होती, इथे, सगळ्यांसमोर.

आणि ते म्हणाले, ‘नाही.’

सभा डुलली. शास्त्रीबुवांचं फार सूक्ष्म असतं, पोरीला सापडलं नाही, असं लोक एकमेकांना म्हणाले. तीन ‘नाही’ झाले आणि रुचा उठली. आसन घरी आलं. पुढच्या वर्षी ती परत आली, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा ‘नाही’. या खेपेला तर ‘नाही’ इतकं सहज आलं की शास्त्रीबुवांना स्वतःचंच थोडं नवल वाटलं. ज्याने जन्मभर दूधवाल्याला कशावरून म्हणून विचारलं, त्याला कोणी एकदाही विचारलं नाही की शास्त्रीबुवा, कशावरून? मोठ्या माणसाचं खोटं असं बिनबोभाट खपतं. आणि हा गृहस्थ घरी येऊन व्यवस्थित जेवला.

तर ही यंदाची गोष्ट. गंगा चढली होती. अमृतराव घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, नावा बंद होत्या, आणि सभेत बसल्या बसल्या खाली पाण्याचा आवाज ऐकू येत होता. शास्त्रीबुवांना वाटलं, यंदा काही ही यायची नाही. त्यांनी आसन पसरलं, चारही कोपरे नीट केले, आणि मान वर केली तर ती दारात चिखलाचे पाय धूत होती. पुलावरून वळसा घालून आली होती. इंदूकाकूही यंदा घरी न थांबता येऊन बायकांत बसली होती. ते बघून तर त्यांचं डोकंच उठलं.

रुचा समोर बसली. नमस्कार केला तो गणपतीला, काकाला नाही. तिने तेच वाक्य म्हटलं. शास्त्रीबुवांच्या तोंडात ‘नाही’ तयार होतं, जिभेच्या टोकावर. तेवढ्यात ती म्हणाली, ‘काका, उत्तराआधी एवढं ऐका. मनातलं कुणाला कळत नसतं, या भरवशावर तुम्ही नाही म्हणाल. तो भरवसा माझ्या मताने दिलेला आहे, तुमच्या नव्हे. दोन वर्षं तुम्ही माझ्या घरात राहताय. आणखी राहायचं असेल तर खुशाल राहा.’

आवाज चढवला नव्हता तिने. हिंदी-मराठीत धडाधड बोलणारी पोर, पण हे अगदी सावकाश, शिकवल्यासारखं बोलली. सभेतल्या निम्म्या लोकांना कळलंही नाही ती काय म्हणाली. शास्त्रीबुवांना मात्र शब्दन् शब्द कळला, आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. अहो, खरंच की! माझ्या सिद्धान्ताप्रमाणे लपवायला जागाच नाही. जे आहे ते उजेडात आहे. मी ‘नाही’च्या मागे लपलो तो हिच्या अंधारात. हिने केलेल्या अंधारात मी, विश्वेश्वर टोकेकर, भाडेकरू होऊन बसलो!

पश्चात्तापबिश्चात्ताप काही झाला नाही त्यांना, उगाच गैरसमज नको. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, अशी ती जात. त्यांना आला तो निव्वळ संताप. या पोरीच्या मताच्या आश्रयाने एक क्षणही जगायचं नाही, मग आसन राहो की जावो.

‘हो,’ ते कडाडले, ‘हेच माझं म्हणणं. खोड आता.’

सभा एकदम जागी झाली. मागे प्रसादाच्या गप्पा मारणारेही पुढे सरकले. वेणीमाधवपंतांच्या चेहऱ्यावर तर दिवाळी. त्यांनी रुचाला खूण केली, घे आक्षेप. शास्त्रीबुवा प्रल्हादची वाट बघत ताठ बसले. आता ती बापाचं नाव घेईल, ओठ हलले म्हणेल, आणि आपण म्हणू ईश्वराला माहीत आहे. उत्तर तयार होतं.

तिने प्रल्हादचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, ‘मागच्या वर्षी मी हेच वाक्य म्हटलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीही. एका अक्षराचा फरक नाही. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तेव्हा तुमच्या मनात काय होतं, काका, आणि ते कुणाला कळलं? एवढाच माझा आक्षेप.’

वेणीमाधवपंतसुद्धा गडबडले. आसन हलावं एवढीच त्यांची इच्छा होती, माणूस उघडा पडावा अशी नव्हती. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांची लाज राखावी लागते. ते घसा खाकरून म्हणाले की शास्त्रीबुवा, वाक्यात काही बारीकसा फरक असेलही, इतक्या दिवसांचं कुणाच्या लक्षात राहणार. वयही झालंय. दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसती मान हलवली असती तरी शास्त्रीबुवा सुखरूप बाहेर पडले असते.

त्यांना ते दार दिसलं. दुसरंही दिसलं. ‘कुणाला कळलं नाही’ म्हणायचं, हरायचं आणि उठायचं. लोक म्हणतील विद्यार्थिनीने गुरूला जिंकलं, उलट कौतुकच होईल. पण मग एक कुणालाच न कळलेली गोष्ट जगात राहिली, असं मान्य करावं लागेल. आणि एक राहिली तर हजार राहिल्या. मग प्रल्हादचे ओठही त्यातच गेले. मग ते कुठेही ठेवलेले नाहीत.

त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. इंदूकाकू पदर तोंडाशी धरून बसली होती.

‘मला माहीत होतं,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘दोन्ही वर्षी हिचं बरोबर होतं. मी खोटं बोललो. मला माहीत होतं,’ मग गणपतीकडे बोट केलं, ‘आणि याला माहीत होतं. कुणालाच न कळलेलं असं काही नव्हतं. आहे आणखी आक्षेप?’

‘नाही, काका,’ रुचा म्हणाली. ‘संपला.’

नियमाप्रमाणे सिद्धान्त खोडला गेला नव्हता. आसन शास्त्रीबुवांचं होतं. वेणीमाधवपंतांनी तसं सांगितलंही, पण कोणी मान डोलावली नाही, कोणी वाहवा म्हटलं नाही. लोक आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. मागून एक जण हळूच म्हणाला, दो साल झूठ बोले गुरु, भगवान के सामने. तेही शास्त्रीबुवांना ऐकू आलं. ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि प्रसाद न घेता पायऱ्या चढू लागले.

वरच्या वळणावर रुचा मागून आली. मुद्दाम आली की वाटच तीच होती, कोण जाणे. शास्त्रीबुवा तिच्याकडे न बघता म्हणाले, ‘खोडता आलं नाही तुला.’

‘नाही आलं.’

‘तुझ्या बापाच्या ओठांवर काय होतं तेही आहे माहीत ईश्वराला.’

‘तुम्हाला तसं वाटतं, काका. मला नाही वाटत.’

‘तुझ्या वाटण्याला विचारतो कोण,’ असं म्हणून ते पुढे गेले, आणि ती रामनगरच्या वाटेला लागली. काही समेट वगैरे झाला नाही. तिने पुन्हा सभेत पाऊल ठेवणार नाही असं काकूला फोनवर सांगितलं, आणि काकूने ते नवऱ्याच्या कानावर घातलं नाही.

काकू घरी पोचली तेव्हा शास्त्रीबुवा पाय धुऊन, दिवा न लावता बसले होते. तिने दिवा लावला, पानं घेतली. एरवी सभेहून आलं की आसन कपाटात ठेवेपर्यंत ते जेवायला बसत नसत. तिने इकडेतिकडे पाहिलं.

‘अहो, आसन कुठंय?’

‘जिंकलो मी,’ शास्त्रीबुवा म्हणाले.

‘माहीत आहे, होते मी तिथे. आसन कुठंय?’

खांबाशी पसरलेलं आसन त्यांनी गुंडाळलंच नव्हतं. शास्त्रीबुवा तसेच उघड्या फरशीवर बसले, पान पुढे ओढलं, आणि भातात मीठ कमी आहे म्हणाले.